अण्णांच्या मोजणीतला चौथा

अंबादास अण्णा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांचा चेहरा आठवायला बसलो की मला आधी त्यांची पाठ आठवते. यात माझा दोष नाही. दोन हिवाळे मी रोज पहाटे त्या पाठीमागे सायकल चालवली. अरुंद, ताठ पाठ, आणि कमरेवर टॉवेलच्या कापडाचे दोन खिसे. रेसवाल्यांच्या बनियनला मागे खिसे असतात. ते विकत घेण्याऐवजी अण्णांनी घरच्याच टॉवेलचे तुकडे कापून जुन्या बनियनला शिवले होते. एकात केळं, दुसऱ्यात पाना. ती पाठ कधी वळत नसे. मागे कोण आहे, कोण दमलंय, कोण खिशातून फोन काढतंय हे त्यांना सगळं कळायचं, पण वळून पाहिलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

माझं सोलापुरात मेडिकलचं दुकान आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायला लागलो तर दर दहा पावलांवर गिऱ्हाईक भेटायचं आणि खोकल्याचं औषध विचारायचं. म्हणून सायकल घेतली, जुनी, पातळ टायरची, वाकड्या हँडलची. रविवारी सकाळी दुकानाचं शटर उघडताना समोरून रेसवाल्यांचा घोळका सूं करून जायचा. एकदा तरी आपण त्या घोळक्यात असावं असं वाटायला लागलं. पहिला नंबर वगैरे नको होता. घोळक्यातून सुटायचं नाही, एवढीच इच्छा. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

रेसची तयारी करून घेणारे म्हणून अण्णांचं नाव मला सायकलच्या दुकानातच कळलं. पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत त्यांची एक पत्र्याची खोली होती. आयुष्यभर ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. चाळीस माग एकदम खटखटत असताना कुठल्या मागाचा धागा आता तुटणार हे ते दारातून सांगायचे, अशी त्यांची ख्याती. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सायकलचं मागचं चाक उचललं, फिरवलं, डोळे मिटले आणि फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीची, टिकटिक ऐकत राहिले.

"कुणाकडनं घेतली?"

"पुण्याच्या एकाकडून."

"लई रागीट माणूस असंल," अण्णा म्हणाले. "चढावर गाडीला मारल्यासारखं चालवलंय त्यानं. तुमी तसं करू नका, मेडिकलवाले."

तेव्हापासून मी मेडिकलवाले. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही.

आमचा संघ म्हणजे तिघांचा. सोहेल, वेल्डिंगचं दुकान, अंगाने तगडा आणि तोंडाने त्याहून. रेश्मा, एका खाजगी दवाखान्यात नर्स, रात्रपाळी नसेल त्या दिवशी यायची आणि तरी आमच्या दोघांपेक्षा जोरात चालवायची. आणि मी. पहाटे साडेपाचला अक्कलकोट रोडला लागायचं, कुंभारी मागे टाकायची, वळसंगच्या नाक्यावर चहा घ्यायचा आणि परत. पुढे अण्णा, मग सोहेल, मग रेश्मा, शेवटी मी. एकाच्या चाकामागे दुसऱ्याचं चाक, मध्ये हातभर अंतर. पुढच्याने वारा कापायचा आणि मागच्याने त्याच्या आडोशाला बसायचं, ही या खेळाची अर्धी विद्या. उरलेली अर्धी म्हणजे आडोशाला बसून पुढच्याच्या चाकाला आपलं चाक न लावणं. ती मला यायला तीन महिने आणि दोन्ही गुडघे लागले.

नियम त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले. मागे बघायचं नाही. "मान वळली की हँडल वळतंय. कान हायत की दोन." खड्डा आला की पुढच्याने हात मांडीजवळ खाली नेऊन दोन बोटांनी दाखवायचा, मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. मी शेवटचा, म्हणून मी हात खाली नेत नसे. अण्णा ओरडायचे, "मेडिकलवाले, खड्डा दावा!" मला हसू यायचं. मागे दाखवायचं कुणाला? शिस्त म्हणून असेल, असं धरून मी रिकाम्या रस्त्याला खड्डे दाखवायला लागलो.

तिसरा नियम 'पदा'. अण्णांच्या घरच्या तेलुगूत पदा म्हणजे चला. थांबलो की अण्णांनी 'पदा' म्हटल्याशिवाय पेडलवर पाय ठेवायचा नाही. आणि कुणी वाटेत अडकला, पंक्चर म्हणा, पेटका म्हणा, तर त्याच्या लगेच मागे जो असेल त्याने थांबायचं. बाकीच्यांनी पुढे जायचं. ज्याच्यासाठी थांबला, त्याने स्वतः 'पदा' म्हणेपर्यंत थांबलेल्याने हलायचं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालायचं नाही, अण्णांनी म्हटलेलंसुद्धा नाही.

हे किती खरं ते एकदा सोहेलच्या पंक्चरच्या वेळी कळलं. त्याच्या मागे रेश्मा, ती थांबली. सोहेलने ट्यूब बदलली, तेवढ्यात त्याला दुकानातून फोन आला, आणि फोनवर भांडतच हा सायकलवर बसून सुटला. वळसंगच्या नाक्यावर आमच्या चहात सामील झाला तेव्हा अण्णांनी विचारलं, "रेश्मा?"

"पीछेच आ रही थी."

"पदा म्हटलास?"

सोहेलने चहात फुंकर मारली. अण्णांनी त्याच्या हातातला चहा काढून घेतला. "जा." तो पाच किलोमीटर परत गेला. रेश्मा जिथे होती तिथेच, सायकलला टेकून पेरू खात उभी होती. अख्खा पेरू संपेपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "म्हण." सोहेल हे स्वतःच सांगून हसायचा. अण्णा हसायचे नाहीत.

आता मोजणीचं सांगतो. उतार लागला की अण्णा उजवी मूठ वर करायचे. ती दिसली की सगळ्यांनी पाय थांबवायचे. पाय थांबले की फ्रीव्हील बोलायला लागते. प्रत्येकाची बोली वेगळी. सोहेलची जाडी भरडी, रेश्माची बारीक, माझी घाईघाईची. अण्णा त्या आवाजांवरून मागची माणसं मोजायचे. तेलुगूत, मोठ्याने. "ओकटी. रेंडू. मूडू. नालुगू." मग मूठ खाली. "बरोबर."

एक, दोन, तीन, चार. मी धरून चाललो होतो की ते स्वतःलाही मोजतात. सहा महिने मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा नाक्यावर अण्णा हात धुवायला गेले असताना मी गंमतीत म्हटलं, "अण्णा स्वतःपासून सुरुवात करतात, की स्वतःवर संपवतात?"

रेश्माने बशी खाली ठेवली. "स्वतःला न्हाई मोजत ते. सोहेलला ओकटी म्हणतात, मला रेंडू. तुमी मूडू."

"मग नालुगू कोण?"

"तुमच्या मागं असतंय ते," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. कुंभारीच्या पुढे तीन किलोमीटरवर एक मोरी आहे, रस्त्याखालून ओढा जातो तिथे. तीसेक वर्षांपूर्वी अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ व्यंकटेश या रस्त्यावर रेसची तयारी करायचे. आणखी दोघे मित्र असायचे. व्यंकटेश सगळ्यांत जोराचा, म्हणून अण्णांनी त्याला शेवटी ठेवलेला. जोराचा माणूस मागे राहिला तरी गाठतो, हा हिशेब. एके सकाळी मोरीशी त्याची सायकल घसरली आणि डोकं कठड्यावर आपटलं. पुढच्या तिघांना पत्ता नाही. अण्णांनी वाटेत दोनदा मोजलं. दोन्ही वेळा सगळे बरोबर भरले. व्यंकटेशची फ्रीव्हील त्यांना वळसंगच्या नाक्यापर्यंत ऐकू येत होती. नाक्यावर थांबून वळून पाहिलं तर मागे दोघेच. चार किलोमीटर परत गेले, पण तोवर सगळं संपलं होतं.

"त्याच्या मागं कुणी असतं तर थांबलं असतं की," रेश्मा म्हणाली. "तवापासून हे नियम हायत. आणि तवापासून अण्णांना मोजताना एक जास्त लागतो. किती बी माणसं असू द्या, एक जास्त."

"आणि तुम्ही काही म्हणत नाही?"

"काय म्हणायचं? शेवटचा कुणी राहत न्हाई त्यांच्या रांगेत."

मी औषधं विकणारा माणूस. कानात आवाज येण्याला काय म्हणतात आणि त्यावर कुठली गोळी चालते, मला पाठ आहे. परत येताना मी ते सगळं स्वतःला समजावलं. पण अण्णांनी मूठ वर केली, आम्ही पाय थांबवले, आणि ते "नालुगू" म्हणाले, तेव्हा मी मान वळवता वळवता आवरली. पुढे खड्डा आला. मी कुणी न ओरडता हात खाली नेऊन दाखवला.

माझी पहिली रेस ठरली. शहरातल्याच हौशी लोकांची, याच रस्त्यावर, अक्कलकोटच्या अलीकडून वळून परत कुंभारीपर्यंत. दीड महिना उरला होता. अण्णा म्हणाले, जमतंय. अण्णांचं 'जमतंय' म्हणजे मोठं प्रशस्तिपत्रक. मी हवेत गेलो, आणि तिथून पडलो.

गोळी घेतली की लगेच खायचं, हे मी दिवसातून पन्नास जणांना बजावतो. त्या सकाळी वजन हलकं राहावं म्हणून मी गोळी घेतली आणि काही खाल्लं नाही. कुंभारी गेली तेव्हा हाताला घाम सुटला होता. मग रेश्माची पाठ दोन पाठी झाल्या. मोरी आलेली आठवते. मग माझ्या गालाखाली गवत होतं, थंड, ओलं. मी रस्त्याच्या उताराखाली पडलो होतो. वरून पाहणाऱ्याला दिसलोही नसतो. ओरडावं असं वाटलं, पण तोंड माझं राहिलं नव्हतं.

आणि जवळच फ्रीव्हील वाजत होती. मला वाटलं माझंच चाक फिरतंय. पण पडलेल्या सायकलचं चाक मिनिटभर फिरेल, दोन मिनिटं फिरेल. ही थांबत नव्हती. टिक, टिक, टिक, मग एक ठोका रिकामा. पुन्हा टिक, टिक, टिक, रिकामा. माझ्या डोक्याशी, हाताच्या अंतरावर, कुणी सायकल धरून उभं राहून उगाच पेडल मागे फिरवावं तसं. मला भीती वाटली नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो. सोबत वाटली.

पुढचं सोहेलने सांगितलं. मोरीच्या पुढे किलोमीटर-दोनवर उतारात अण्णांनी मूठ वर केली. "ओकटी. रेंडू. मूडू." आणि पुढचा आकडा आला नाही. मग पुन्हा मोजलं. मूडू. सोहेल ओरडला, "तीनच तो हैं हम, अण्णा! बराबर है!" त्याला मनापासून आनंद झाला होता, म्हातारा बरा झाला म्हणून. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला आणि वळून मागे पाहिलं. मागे सोहेल होता, रेश्मा होती, आणि रिकामा रस्ता.

ते आले तेव्हा मला अर्धवट शुद्ध होती. रेश्माने माझ्या गालाच्या आत साखर चोळली, शिव्या देत देत. एक टेम्पो थांबवला, मला आणि सायकलला त्यात टाकलं, अण्णा शेजारी बसले, आणि टेम्पो शहराकडे पळाला. सगळी पळापळ. कुणी कुणाला काही म्हणायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात आले. खुर्चीवर बसले, खिडकीकडे तोंड करून.

"तुम्ही तीन मोजलेत म्हणून वाचलो," मी म्हटलं. "सोहेल, रेश्मा आणि..." नाव घ्यावं की नाही कळेना.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "सोहेलची ऐकली, रेश्माची ऐकली, आणि तुमची ऐकली."

"माझी? मी तर मोरीशी पडलो होतो."

"तेच की," अण्णा म्हणाले. "तुमची ऐकू येत हुती. त्याची न्हवती. मी त्याला बघाय वळलो."

मग मी त्यांना त्या टिकटिकीचं सांगितलं. तीन ठोके आणि एक रिकामा. अण्णा उठून गेले. तासाभराने परत आले ते फडक्यात काहीतरी गुंडाळून. फडकं सोडलं. आत एक जुनी, गंजलेली फ्रीव्हील होती. त्यांनी ती माझ्या कानाशी धरून बोटाने फिरवली. टिक, टिक, टिक, रिकामा.

"आतला एक दात तुटलाय," ते म्हणाले. "बदल म्हणत हुतो त्याला. तीस वर्षं ट्रंकेत हाय ही."

साखर उतरली की कान वाजतात. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. मीच म्हटलं, मोहोळच्या रस्त्याला जाऊ, बदल म्हणून. मोरी मला नको होती. पहिल्या उतारात मूठ वर. "ओकटी. रेंडू. मूडू." थोडं थांबून, "बरोबर." मी सोहेलकडे पाहिलं. आम्ही तिघे होतो आणि तीनच मोजले होते. मला एवढं हलकं वाटलं की चहाला थांबल्यावर मी म्हणून गेलो, "अण्णा, आता जुळलं बघा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला असा तो एकच प्रसंग. "व्हय," ते म्हणाले. "जुळलं."

त्यानंतर ते मागे वळून पाहायला लागले. दर शंभर पावलांवर मान वळायची, मान वळली की हँडल वळायचं. त्यांनीच शिकवलेलं. एकदा बसच्या चाकाखाली जाता जाता वाचले. खड्डे दाखवणं सुटलं. मग येणंच सुटलं. रेश्मा आणि मी खोलीवर गेलो तर सायकल आढ्याला टांगलेली, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. चार दिवस जेवले नव्हते, असं शेजारची बाई म्हणाली.

"काय होतंय अण्णा?" रेश्माने विचारलं.

"तो थांबलाय तितंच," अण्णा भिंतीला म्हणाले. "मेडिकलवाल्यांच्या मागं हुता, त्यांच्यासाठी थांबला. नियमानं वागला की पोरगं. आमी टेम्पोत बसून आलो, तो ऱ्हायला." मग म्हणाले, "मी जाऊन आलो दोनदा. पदा म्हटलं. माझ्या म्हणण्यानं कसा हलंल?"

ते माझ्याकडे वळले नाहीत. मला जा म्हणाले नाहीत. मागायचा स्वभावच नव्हता. पण काय करायला हवं ते त्या खोलीत तिघांनाही कळलं होतं. बाहेर पडताना रेश्मा माझ्याकडे बघत राहिली आणि मी खिशात गाडीची किल्ली शोधत राहिलो.

मी गेलो नाही. लाज वाटते, पण सांगतो. पहिल्या दिवशी वाटलं, दुकानदार माणूस, मोरीशी जाऊन हाका मारताना कुणी पाहिलं तर? ते खोटं होतं. खरं असं होतं की मला भीती वाटत होती. मी 'पदा' म्हणायचो आणि मागे टिकटिक सुरू व्हायची. किंवा व्हायची नाही, आणि मग अण्णांना काय सांगायचं? रोज उद्यावर ढकललं, आणि रेसचा रविवार आला.

रेश्मा अण्णांना घेऊन आली होती. उठवून, आंघोळ घालायला लावून, शेंगाचटणी-भाकरी खायला घालून. ते आपल्या सायकलवर, अगदी हळू, कुंभारीपर्यंत आले आणि फिनिशच्या मांडवाशी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसले. रस्त्याकडे पाठ करून. "मोजायला बसलोय," असं त्यांनी माइकवाल्याला सांगितलं म्हणे.

जाताना घोळक्याच्या मध्यभागी होतो, मोरी कधी गेली कळलंही नाही. वळून येताना घोळक्याचे तुकडे झाले. मी नऊ जणांच्या शेवटच्या तुकड्यात, शेवटचा. पाय जळत होते, पण टिकून होतो. पुढच्याच्या चाकापासून हातभर, त्याच्या आडोशाला. घोळक्यातून सुटलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो माणूस होतो ज्याच्याकडे दुकानाच्या शटरमागून कुणीतरी पाहत असेल. अजून सहा किलोमीटर. अजून पाच. मग उजवीकडे ज्वारीचं रान संपलं आणि मोरीचा पांढरा कठडा दिसला.

मी ब्रेक दाबला. नऊमधले आठ निघून गेले. एकाने हात हलवून 'ये, ये' केलं, मग तोही लहान होत गेला. वारा एकदम तोंडावर आला.

मोरीशी एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. मी सायकल धरून उभा राहिलो. "पदा," मी म्हटलं. आवाजच फुटला नाही. मग नीट, अण्णा म्हणायचे तसं, मोठ्याने म्हटलं, "पदा!"

"कुणाला बोलवताय ओ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकजण मागं राहिलाय आमचा."

म्हाताऱ्याने रस्त्याकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि शेळ्या जरा जवळ ओढून घेतल्या.

मी निघालो. मागे पाहिलं नाही. एक गोष्ट मात्र ठरवून केली, कुंभारीपर्यंत एकदाही पाय थांबवले नाहीत. उतारालासुद्धा नाहीत. थांबवले असते तर माझी फ्रीव्हील बोलली असती, आणि मग दुसरी ऐकू आली असती किंवा आली नसती. दोन्ही ऐकायची माझी तयारी नव्हती. एक खड्डा आला. मी हात खाली नेला आणि दाखवला.

फिनिशशी मांडव उतरवायला घेतला होता. माइकवाला वायर गुंडाळत होता. सोहेल रेषेवर उभा होता, त्याने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि माझं तोंड पाहून तसेच ठेवले. अण्णा खुर्चीत, रस्त्याकडे पाठ, मान किंचित कललेली. रेषा ओलांडल्यावर पेडल मारण्यासारखं काही उरत नाही. माझे पाय आपोआप थांबले.

"ओकटी," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागून घरंगळत गेलो. माझी फ्रीव्हील तिच्या सवयीप्रमाणे घाईघाईने वाजत होती. मला तेवढीच ऐकू आली.

"रेंडू," अण्णा म्हणाले, आणि खुर्चीचे हात धरून उठले.

शेवटून पहिला म्हणून मला एक पदक दिलं, सगळ्यांनाच देत होते. ते गळ्यात घालून घेताना मी पाहिलं तर अण्णा आपली सायकल काढत होते. मी हाक मारली, थांबा अण्णा, बरोबर जाऊ. "तुमी या सावकाश," ते न वळता म्हणाले. "आमी निगतो." आठवड्याभरात ते झोपेतच गेले. त्यामुळे त्या दिवशी पुढे जे पाहिलं ते शेवटचंच.

त्यांनी टांग टाकली. आसपास कुणी नव्हतं. "पदा," असं अगदी घरातल्या घरात म्हणावं तसं म्हणाले, आणि सोलापूरच्या दिशेने निघाले. पाठ ताठ होती. टॉवेलच्या एका खिशातून केळ्याचा देठ बाहेर दिसत होता. मान एकदाही वळली नाही. मांडवापासून थोडं पुढे रस्ता उखडला होता, तिथे त्यांचा डावा हात हँडलवरून सुटला, मांडीजवळ खाली गेला, आणि मागे रिकाम्या रस्त्याला दोन बोटांनी खड्डा दाखवून पुन्हा जागेवर आला.